सहाव्या खोलीची नोंद

त्या गल्लीत एकतीस घरं होती आणि त्यांतल्या सव्वीस घरांचे पडदे काकूंच्या हातचे होते. म्हणून सगळे त्यांना पडदेकाकू म्हणत. कुठल्या घराला किती खिडक्या, कुठली चौकट तिरकी बसलीय, कुठल्या खोलीत दुपारचं ऊन थेट गादीवर येतं, हे त्या वही न उघडता सांगत. घरातली माणसं मात्र त्यांना तितकीशी ठाऊक नव्हती. माप घ्यायला दहा मिनिटं लागतात, पडदा चढवायला अर्धा तास. तेवढ्यात कोण मन मोकळं करतंय?

यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते होते तोवर टेपचं दुसरं टोक ते धरायचे. नंतर काकू चौकटीत टाचणी खुपसून टेप अडकवायला शिकल्या. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. "गोळ्या घेतेस ना?" इथून सुरू व्हायचा आणि "बरं, ठेवू?" इथे संपायचा. बाकीचे दिवस घरात शिलाई मशीनचा आवाज, तेवढाच.

आणि संध्याकाळी समोरची यायची. समोरची म्हणजे समोरच्या घरातल्या औषधवाल्यांची बायको. औषधवाल्यांचं हमरस्त्यावर औषधांचं दुकान होतं, ते उशिराच घरी यायचे. पाच वाजले की ती रस्ता ओलांडून काकूंच्या पायरीवर येऊन बसायची. अकरा वर्षं हे चाललं होतं. दुखरे गुडघे, नळाचं गढूळ पाणी, टोकाच्या घरातल्या दोन जावांचा अबोला, असं काहीबाही बोलून दिवे लागले की दोघी उठायच्या. समोरचीचा एकुलता मुलगा नोकरीसाठी परदेशात होता. "काय म्हणतो गं?" काकू विचारायच्या. "मजेत आहे," ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

त्या वर्षी नगरपालिकेने घरपट्टीसाठी सगळ्या घरांचं मूल्य नव्याने ठरवायला घेतलं. आधी कचेरीतला एकच माणूस यायचा, हमरस्त्यावर चहा प्यायचा आणि घरांकडे बाहेरून नजर टाकून आकडे भरायचा. दुमजली घराला कमी, पत्र्याच्या घराला जास्त, असा सगळा सावळागोंधळ. लोक ओरडले. मग ठरलं की प्रत्येक गल्लीसाठी तिघांची समिती नेमायची. कचेरीतला एक कारकून, एक गवंडी आणि गल्लीतलाच एक रहिवासी.

"जे इथे राहतात त्यांनाच घराची खरी किंमत कळते," नगरसेवक शाळेच्या सभागृहात म्हणाले. "सांगा, तुमच्यातलं कोण?"

कुणी छताच्या पंख्याकडे पाहू लागलं, कुणी चपलेच्या अंगठ्याशी खेळू लागलं. शेजाऱ्याच्या घराची किंमत ठरवायची म्हणजे वाईटपणा ओढवून घ्यायचा, हे सगळ्यांना कळत होतं. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पडदेकाकू! त्यांचं कुणाशी वाकडं नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या सुटकेच्या होत्या हे काकूंना समजलं. तरीही त्या हो म्हणाल्या.

"आई, कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" लेक फोनवर म्हणाली.

"अगं, महिनाभर रोज दोन माणसं बरोबर असणार आहेत," काकू बोलून गेल्या.

मग लेक म्हणाली, "बरं. उन्हात फार फिरू नकोस."

तो महिना काकूंना फार बरा गेला. सकाळी नऊला कारकून आणि गवंडी दारात हजर व्हायचे. कारकून काटकुळा, सारखा पेन झटकणारा. गवंडी वयस्कर आणि गप्पिष्ट. तो भिंतीवर बोटांनी टकटक करायचा, कान लावायचा आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणायचा, "आतून पोकळ आहे. मालकासारखीच." मालक हसले तर ठीक, नाहीतर कारकूनच घाईघाईने पुढचा प्रश्न विचारायचा. खोली किती लांब, किती रुंद, फरशी कसली, छप्पर कसलं, खोली राहायला वापरता की धंद्याला. काकू टेपचं एक टोक धरायच्या, दुसरं गवंडी. आपण माप घेतोय आणि समोरून कुणीतरी "धरलंय, बोला" म्हणतंय, हे कानांना इतकं गोड लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी काकूंचं स्वतःचं घर झालं. त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्या दोघांनी मापलं. मशीनची खोली कारकुनाने 'धंद्यासाठी' या रकान्यात टाकली. धंद्याच्या खोलीला दर दुप्पट. "बरोबरच आहे," काकू म्हणाल्या.

घड्याळवाल्याचं घर दुसऱ्या आठवड्यात आलं. घड्याळं दुरुस्त करणारा एकटा माणूस. बायको नाही, मूल नाही, दोन खोल्या आणि वर एक माळा. माळ्यावर जायला लाकडी शिडी होती. कारकून ती चढायला कंटाळला होता, पण घड्याळवाला स्वतःच म्हणाला, "वर पण या. माळा आहे माझा, उभं राहता येतं तिथे." माळ्यावर जुन्या घड्याळांची खोकी होती आणि छताला ओल धरली होती. उभं राहता येतं म्हणजे नियमाने ती खोली. कारकुनाने तीन खोल्या लिहिल्या.

"ओल लिहिलीत का?" काकूंनी विचारलं.

"ओलीला रकाना नाही," कारकून म्हणाला.

चार दिवसांनी समोरचीच्या घराची पाळी आली. काकूंच्या लक्षात आलं, की आपण या घरात चार वर्षांनी पाऊल टाकतोय. रोजची भेट पायरीवर, आत जायचं कारणच पडत नसे. औषधवाले मुद्दाम दुकान सोडून आले होते. ते पुढे चालत दिवे लावत होते, समोरची मागे पदराला हात पुसत उभी होती. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली, दुकानातला जादा माल ठेवायची खोली, देव्हाऱ्याची लहान खोली. बोळाच्या टोकाला भिंतीला लागून एक मोठं लाकडी कपाट होतं.

"पाच खोल्या," औषधवाले म्हणाले. "झालं."

काकूंना या घराच्या अकरा खिडक्या आठवत होत्या. त्यांनी मनातल्या मनात मोजल्या. नऊ झाल्या. मागच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड असलेल्या दोन खिडक्या राहिल्या होत्या. त्या खोलीचे पडदे त्यांनीच शिवले होते, निळे, दुहेरी अस्तराचे, मुलाला सकाळी उजेड सोसत नाही म्हणून. ते कपाट त्याच खोलीच्या दाराला लावून ठेवलं होतं.

त्यांनी समोरचीकडे पाहिलं. समोरचीने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. गवंडी कपाटाशेजारी उभा होता, पण त्या भिंतीवर त्याने टकटक केली नाही. कारकुनाने पाच लिहिलं. काकूंनी टेप गुंडाळला आणि त्या दोघांच्या मागून बाहेर पडल्या.

संध्याकाळी समोरची नेहमीप्रमाणे पायरीवर आली. काकूंना वाटलं, ती आता काहीतरी बोलेल. सांभाळून घे म्हणेल, नाहीतर निदान काहीतरी सबब सांगेल. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "दोऱ्याचा रंग काय सुंदर आहे गं," आणि मांडीवरचं रीळ हातात घेऊन बघत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवस काकूंनी वाट पाहिली. इतक्या वर्षांच्या ओळखीत हिला मला एवढंही सांगावंसं वाटू नये, ही गोष्ट त्यांच्या मनाला खोलीपेक्षा जास्त लागली.

महिना संपला तेव्हा तिघं कचेरीत यादी पक्की करायला बसले. कारकून घर वाचायचा, बाकीचे मान हलवायचे. घड्याळवाल्याचं घर आलं, तीन खोल्या. थोड्या वेळाने औषधवाल्यांचं.

"पाच खोल्या."

"सहा," काकू म्हणाल्या.

कारकुनाने पेन झटकायचं थांबवलं. "काय?"

"कपाटामागे दार आहे. आत खोली आहे, बारा बाय दहा. दोन खिडक्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पडदे मी शिवलेत."

गवंड्याने खुर्ची पुढे ओढली. "काकू, जरा विचार करा. हे एकदा लिहिलं की पुसता येत नाही."

"घड्याळवाल्याने ओला माळा स्वतः दाखवला. तो मोजायचा आणि ही सोडायची?" काकूंचा आवाज चढला होता. त्यात घड्याळवाल्याबद्दलची कळकळ किती आणि आठ दिवसांचा राग किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कारकुनाने पाचाचे सहा केले आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं, 'समिती सदस्याच्या माहितीवरून'.

जिना उतरताना गवंडी हळूच म्हणाला, "मलाही कळलं होतं. बाहेरून पावलं मोजली होती मी. आतला हिशेब जुळत नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"मला उद्याही या गल्लीतच भिंती बांधायच्यात, काकू."

यादी त्या बारीक शेऱ्यासकट शाळेच्या भिंतीवर लागली. त्या संध्याकाळी पाच वाजले, सहा वाजले, पायरीवर कुणी आलं नाही. काकूंनी समोर पाहिलं. बैठकीच्या खोलीचे पडदे, त्यांच्याच हातचे, ओढून घेतलेले होते.

मग हळूहळू एकेक गोष्ट होत गेली. टोकाच्या घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी शिवायला दिलेलं कापड परत नेलं. "घाई नाही हो, पुढे बघू," म्हणाल्या. एका घरी काकू ठरल्याप्रमाणे मापाला गेल्या, तर सुनेने दार अर्धवट उघडून चौकटीची मापं कागदावर लिहूनच हातात ठेवली. भाजीच्या गाडीपाशी कुणीतरी कुणाला म्हणालं, "पडदे लावायला येतात आणि खोल्या मोजून जातात." काकूंना ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

घड्याळवाल्याकडे त्या आपणहून गेल्या. वाटलं, निदान हा तरी समजून घेईल. तो डोळ्याला भिंग लावून काम करत होता. ते न काढताच म्हणाला, "तुम्ही कचेरीत माझं नाव काढलंत, म्हणून लोक म्हणतात मीच तुम्हाला भरीस घातलं. औषधवाल्यांनी मला काल औषध देताना तोंड फिरवलं. मी तुम्हाला माझ्यासाठी भांडा म्हणालो होतो का?"

"नाही."

"मग?"

काकूंनी मान वर केली. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. मग त्या घरी आल्या.

औषधवाल्यांनी हरकत घेतली. सुनावणीला दुसऱ्या गावच्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. करड्या केसांच्या, शांत, कुणालाच न ओळखणाऱ्या. गल्लीतली निम्मी माणसं मागच्या बाकांवर येऊन बसली होती.

"खोली नाही असं मी म्हणत नाही," औषधवाले उभे राहून म्हणाले. "पण ती कळली कशी? आम्ही ह्यांना घरात घेतलं ते पडद्यांसाठी. उद्या डॉक्टरने येऊन सांगावं का, कुणाला काय दुखतंय? घराची किंमत ठरवायला परका माणूस पाठवा. तो जे बघेल ते लिहील. शेजारी नको."

मागून दोघांतिघांनी "बरोबर" म्हटलं.

अधिकारी बाईंनी काकूंकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

काकूंनी रात्रभर मनात बरंच काही जुळवलं होतं. उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवेना. "खोली आहे," त्या म्हणाल्या. "नोंद खरी आहे. पण ती मी करायला नको होती, हेही खरं आहे."

"दोन्ही कसं खरं असेल?" औषधवाले म्हणाले.

"बसा," बाई त्यांना म्हणाल्या, आणि जागा बघायला जायचं ठरलं.

कपाट सरकवायला तीन माणसं लागली. दार उघडल्यावर बंद हवेचा वास आला. आत एक पलंग, एक टेबल, भिंतीला टेकवलेली सायकल. निळे पडदे तसेच ओढलेले होते. बाईंनी एक बाजूला केला, तर घड्यांच्या कडेकडेने रंग उडून पांढरे पट्टे पडले होते. किती दिवसांत ते कुणी हलवलेही नव्हते. सगळीकडे धूळ, पण पलंगावरची चादर नीट खोचलेली.

अधिकारी बाई आणि कारकून मापं घेत होते. काकू बोळात भिंतीला टेकून उभ्या होत्या. समोरची शेजारी आली. कितीतरी दिवसांनी दोघी इतक्या जवळ उभ्या होत्या.

"तो गेला त्याच आठवड्यात हे कपाट इथे आणलं," ती हळू आवाजात म्हणाली. "वडिलांशी भांडून गेला. दोन वर्षं झाली, पत्र नाही, फोन नाही. जाता-येता हे दार दिसायचं, ते मला बघवेना. तुमच्या समितीचं तेव्हा नावही नव्हतं."

"तू मजेत आहे म्हणायचीस."

"मग काय म्हणायचं होतं, रस्त्यात पायरीवर बसून?" समोरची म्हणाली. "ह्यांनी पाच खोल्या सांगितल्या, तो त्यांचा लबाडपणा, मी नाही म्हणत नाही. पण मी गप्प बसले ती त्यासाठी नाही. तुम्हाला वाटलं असेल तसं."

तिने 'तुम्हाला' म्हटलं; इतकी वर्षं ती काकूंना 'तू' म्हणायची. "मला माहीत नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या.

"नाही ना," समोरची म्हणाली. "तेच."

अधिकारी बाईंनी निकालात खोली कायम केली. 'बंद' असा शेरा मारला, पण बंद खोलीलाही नियमाने सूट नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, की रहिवाशांकडून मूल्यांकन करून घेण्याची पद्धत पुढे चालू ठेवू नये. नगरपालिकेने त्यावर लोकांची मतं मागवली. काकूंनी फुलस्केप कागदावर चार ओळी लिहून पाठवल्या. मापं परक्याने घ्यावीत, असं त्यांनी लिहिलं. परक्याला निदान हे ठाऊक असतं, की आपल्याला काही ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी बाहेरच्या कंपनीला काम मिळालं. एक मुलगी आली, हातात लाल ठिपका पाडणारं छोटं यंत्र. ठिपका भिंतीवर पडला की लांबी यंत्राच्या पडद्यावर उमटायची. एकतीस घरं तिने दोन दिवसांत उरकली. लगेच गल्लीत कुरकूर सुरू झाली, की तिला काही कळत नाही, तिने जिन्याखालची जागासुद्धा धरली. काकूंच्या घरात ती पाच मिनिटं होती. मशीन दिसलं, तिने 'धंद्यासाठी' वर बोट ठेवलं.

"चहा घेतेस?" काकूंनी विचारलं.

"परवानगी नाही, आजी. पण थँक्यू."

यादी लागल्यापासून मशीनवर मोजून चार पडदे झाले होते, तेही सुरुवातीला आणि गल्लीबाहेरचे. आता काकू आठवड्यातले तीन दिवस बसने इस्पितळात जायच्या. तिथे चादरी आणि पडद्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं. एका लांब खोलीत सहा बायका रांगेने बसायच्या. मशीनच्या आवाजात बोलणं व्हायचं नाही. घरातली खोली नुसतीच मशीन ठेवायची खोली झाली होती, आणि नोंद मात्र धंद्याची.

काकू कचेरीत गेल्या. काटकुळ्या कारकुनाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि एक छापील अर्ज पुढे केला. "वापर बंद झालाय असं लिहा. खाली एका शेजाऱ्याची साक्ष म्हणून सही लागेल. मुदत शुक्रवारपर्यंत."

"इस्पितळातल्या बाईची चालेल?"

"शेजारीच हवा, काकू. ज्याला घर माहीत आहे असा."

अर्ज तीन दिवस मशीनवर पडून राहिला. घड्याळवाल्याकडे जाऊन बघावं असं एकदा वाटलं, पण पाय निघाला नाही. शुक्रवारी सकाळी काकूंनी साडी नीट केली, अर्ज घेतला आणि रस्ता ओलांडला.

दार समोरचीने उघडलं. तिने कागद पाहिला, काकूंकडे पाहिलं आणि आत गेली. काकूंना वाटलं, ती आता येत नाही. पण ती चष्मा घेऊन आली. उंबऱ्यात उभं राहून तिने तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

"काम बंद आहे?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

समोरचीने चष्म्यावरून रस्त्यापलीकडे पाहिलं. काकूंच्या मशीनच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि आत काही हलत नव्हतं. मग दाराच्या चौकटीवर कागद टेकवून तिने सही केली. चौकट खडबडीत होती, अक्षर वाकडं आलं.

"तारीख पण घालायची का?"

"हो, खाली."

तिने तारीख घातली, कागदाची घडी केली आणि काकूंच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, "येते." समोरचीने मान हलवली. दार लावून घेतलं, पण हळू लावलं.

कचेरी बंद व्हायला अजून वेळ होता. काकू तशाच कचेरीच्या बसच्या थांब्याकडे निघाल्या.